पाणी सारखं होईपर्यंत

लिएजचं इस्पितळ, शस्त्रक्रियेची चौथी खोली.
ओदेत वाथले, वय एकाहत्तर,
गळ्यात लिंबाएवढी गाठ.
आदल्या दिवशीच तिनं मला विचारून घेतलं होतं :
"जत्रेतल्या एका माणसानं माझ्या काकाला
कोंबडी करून नाचवलं होतं भर चौकात.
तसलंच का हे?"

नाही, मी म्हणाले.
इथे कुणी घड्याळ हलवत नाही.
तुम्ही झोपणारसुद्धा नाही.
गळा सुईनं बधिर करू, शिरेतून थोडं औषध,
उरलेलं तुम्ही आणि मी.
"आणि मध्येच तुम्हाला खोकला आला तर?"
याचं उत्तर आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

एक जागा निवडा, म्हटलं, जिथे बरं वाटतं.
बहुतेक लोक समुद्र निवडतात.
एकानं चक्क न्हाव्याची खुर्ची निवडली होती.
हिनं निवडलं म्यूज नदीवरचं लॉक,
जिथे बाप चाळीस वर्षं
पाण्याची दारं उघडत आणि मिटत आला.
मी लॉक कधी जवळून पाहिलं नव्हतं.
रात्री बसून थोडं वाचलं.

सकाळी हिरव्या कापडाखाली तिचा हात,
माझ्या हातात.
श्वास, म्हटलं, जसा आहे तसाच असू दे.
पापण्या जड होतील, नाही झाल्या तरी चालेल.
पडाव आत आला आहे. कोळशानं भरलेला.
पुढची दारं आता हळूहळू उघडतात...

"नाही," ओठ जेमतेम हलले,
"आधी मागची मिटायची.
मग पाणी भरायचं.
पाणी सारखं झाल्याशिवाय
पुढचं दार उघडत नाही, कितीही जोर लावा."

डॉक्टर लाम्बेरमोंची सुरी तिथेच थांबली.
जिनेत मास्कमागे हसली असावी.
मी मागची दारं मिटली.

मग आम्ही पाणी भरत राहिलो, ती आणि मी,
बोटबोट, भिंतीवरच्या शेवाळाच्या रेघा मोजत.
लाम्बेरमों खाली वाकून काम करत होते,
कुजबुजत, देवळात आल्यासारखे.
एक चिमटा फरशीवर पडला, खणखणीत.
"साखळी," ती म्हणाली,
आणि मॉनिटरवरचा आकडा चौसष्टवरून हलला नाही.

एकदा मात्र तिचं बोट वर आलं.
ठरलेली खूण. दुखतंय.
तेव्हा मी गोष्ट सांगितली नाही. सुई मागितली.
गोष्टीनं सगळं भागतं असं समजणारे
या खोलीत नसलेलेच बरे.
मागच्या मंगळवारी एका शिक्षकाला
कुठलीच जागा सापडेना,
डोळे छतावरच्या दिव्यात अडकलेले.
त्याला पूर्ण भूल दिली आणि तो शांत झोपला.
त्यात त्याचा काही पराभव नव्हता.
माझा होता का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

भूल. काय शब्द आहे.
विसर पडतो तीही भूल,
मोहिनी पडते तीही.
ओदेत काहीच विसरली नव्हती.
कातरीचा आवाज आला होता म्हणाली,
कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होता म्हणाली
(बोलत होतो, जिनेतच्या भाचीच्या),
फक्त ते सगळं काठावर चाललं होतं
आणि ती पाण्यावर होती.

सव्वा तासानं टाके.
परत या, म्हटलं, हवं तेव्हा.
ती लगेच आली नाही.
आम्ही पाचजण हातमोजे घालून
एका पडावाची वाट पाहत उभे.

डोळे उघडून पहिलं पाणी मागितलं, प्यायला.
जिनेतनं विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतंय?
तिनं थोडा विचार केला.
"दोन. आणि बाबा जाडे झालेत."

गाठ बाटलीत घालून प्रयोगशाळेत गेली.
निकाल गुरुवारी.
त्याच्याशी मला काही बोलता येत नाही,
कितीही हळू आवाजात.
घरी जाताना मी नदीकडची वाट धरली,
लॉकपाशी थांबले.
आत रेतीचा एक पडाव होता.
मागची दारं मिटलेली.